राज्यशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलांनी बोलावे कोठे, लिहावे कोठे?

(रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कर्मचाऱ्यांच्या पदवी वर्गात शिकणाऱ्या पाल्यांचा सत्कार फरिदाबाद येथे करण्यात आला. त्या प्रसंगी रेल्वे युनियनच्या शाखा चिटणीसांनी केलेले भाषण सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहोत. — संपादक)



सत्कार समारंभात युनियनच्या चिटणीसाने काय बोलावे, हे जवळजवळ ठरलेलेच असते. 'खूप शिका, मोठे व्हा, आई-बापांचे पांग फेडा' असे म्हणायचे, नारळ आणि गुच्छ हातात द्यायचा आणि चहाकडे वळायचे. आम्हीही इतकी वर्षे तेच करीत आलो. पण या वेळी सत्काराची यादी करताना एक गोष्ट आमच्या लक्षात आली. यादीतील पाच मुले-मुली राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करीत आहेत. तिघे दिल्ली विद्यापीठाच्या कॉलेजांत रोज जातात, एक मुलगी त्याच विद्यापीठाच्या स्कूल ऑफ ओपन लर्निंगमधून शिकते आणि एक मुलगा दिवसा गोदामात काम करून इग्नूच्या परीक्षा देतो. या पाचही जणांच्या वडिलांनी आम्हाला कधी ना कधी एकच प्रश्न विचारला आहे, 'साहेब, या राज्यशास्त्राचे पुढे काय?'

आम्ही स्वतः मॅट्रिक. खलाशी म्हणून रेल्वेत लागलो. कॉलेजच्या पायऱ्या चढलो त्या पोरांच्या ॲडमिशनसाठी. तेव्हा राज्यशास्त्र कसे शिकावे, हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण कोठे उभे राहून बोलावे, लिहिलेले कोठे छापून यावे आणि कोठे येऊ नये, एवढे तीस वर्षे युनियनचे काम करून आम्हाला थोडेफार कळते. शिवाय याच बाबतीत आमच्या हातून एक चूक झाली आहे. ती सगळ्यांसमोर सांगितल्याशिवाय हे भाषण पुरे होणार नाही. म्हणून आधी तीच सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच एका पॉईंट्समनची मुलगी आमच्या युनियन ऑफिसात आली. नाव सांगत नाही. ती येथेच बसलेली आहे. तेव्हा ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या हातात मराठीत लिहिलेली आठ पाने होती. म्हणाली, 'काका, आपल्या शाखेच्या पत्रकात छापाल का?' विषय होता एका स्टेशनवर ठेकेदाराकडे झाडलोट करणाऱ्या बायकांचा. चार रविवार ती त्या बायकांजवळ जाऊन बसली होती. पगार किती ठरला, हातात किती येतो, कोणत्या तारखेला येतो, आठवड्याची सुट्टी मिळते की नाही, आजारी पडले तर काय होते, सगळे विचारून लिहिले होते. लेख चांगला होता. पण सहाव्या पानावर एक वाक्य होते. स्टेशनवर युनियनचे फलक आहेत, पण या बायकांचे नाव कोणत्याही युनियनच्या वहीत नाही, असे ते वाक्य.

बंधूंनो, ते वाक्य आम्हाला झोंबले. ते खोटे असते तर आम्ही तेथेच तिला समजावून सांगितले असते. ते खरे होते, म्हणून आम्ही म्हणालो, 'ठेवून जा बाळ, पुढच्या अंकात बघू.' आणि आठ पाने टेबलाच्या खणात गेली. त्यानंतर तीन पत्रके निघाली. त्यांत सेवानिवृत्तीचे फोटो आले, पुढाऱ्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या. तिचा लेख आला नाही.

मग तिने मोबाईलवर एक जाहिरात पाहिली. कोणते तरी 'आंतरराष्ट्रीय संशोधन मासिक'. लेख पाठवा, तीन दिवसांत छापून देऊ, वर प्रमाणपत्र देऊ, फी अठ्ठावीसशे रुपये. तिने लेख इंग्रजीत केला, आईकडून पैसे घेतले आणि पाठवला. तीन दिवसांत लेख छापून आला. तिचे वडील प्रमाणपत्र आणि पेढे घेऊन आमच्याकडे आले. पेढा आम्हीही खाल्ला.

महिन्याभराने तिच्या कॉलेजात विद्यार्थ्यांच्या नियतकालिकासाठी लेख मागवले गेले. अट अशी की, लेख आधी कोठेही छापलेला नसावा. तो दरवाजा बंद झाला. प्राध्यापकांनी तो छापील लेख पाहिला तेव्हा स्टेशनचे नाव चुकलेले, तिच्या स्वतःच्या आडनावात चूक, आणि एका परिच्छेदाखाली दुसऱ्याच कोणाचा तरी परिच्छेद चिकटवलेला. त्या लेखावर कोणी प्रश्न विचारला नव्हता, कारण तो कोणी वाचलाच नव्हता. अठ्ठावीसशे रुपये ओव्हरटाइम करून भरून निघतील. चार रविवारांची मेहनत मात्र वाया गेली. आणि ती वाया घालवणारे पहिले आम्ही. ते मासिक दुसऱ्या नंबरावर.

या प्रकरणातून आम्ही एक सोपी पारख शिकलो. तुमचे लिहिलेले कोणी वाचण्याआधीच पैसे मागितले जात असतील, तर तेथून परत फिरा. आणि तुमचे म्हणणे ऐकून कोणी अवघड प्रश्न विचारला, लेख दुरुस्तीसाठी परत पाठवला, तर तेथे थांबा. ती जागा तुमची आहे.

आता काही मंडळी म्हणतील की, त्या मासिकांवर नंबर छापलेला असतो, ते सरकारमान्य असते. मुलांनो, नियतकालिकावर जो आय.एस.एस.एन. नंबर असतो तो फक्त ओळखीचा नंबर आहे. वॅगनवर नंबर असतो म्हणून आतला माल चांगला ठरत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये 'केअर' नावाची व्यवस्था उभी करून चांगल्या नियतकालिकांची यादी ठेवायला सुरुवात केली होती. २०२५ मध्ये आयोगाने ती यादी बंद केली आणि पारख करण्याचे काम विद्यापीठे व शिक्षणसंस्थांवर सोपवले. तेव्हा 'आमचे मासिक आयोगाच्या यादीत आहे' असे सांगून आज कोणी फी मागत असेल, तर तो बंद पडलेल्या गाडीचे तिकीट विकत आहे असे समजा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी लेख छापून आलाच पाहिजे, ही सक्तीसुद्धा आयोगाच्या २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही. मग बी.ए.च्या पोराला 'लेख छापला नाही तर मागे पडशील' अशी भीती घालणारा माणूस कोणाचे भले पाहतो, ते तुम्हीच ठरवा.

परिसंवादाचेही तसेच. हॉलचे भाडे, जेवण, छपाई यासाठी थोडी फी घेणारे प्रामाणिक कार्यक्रम असतात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या नकलेवर चालणाऱ्या स्पर्धा दिल्लीच्या कॉलेजांतून खूप होतात आणि त्यांना बहुधा फी असते. त्या सगळ्या वाईट नाहीत. पण फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. आम्हाला बोलायला किती मिनिटे मिळणार? ऐकायला कोण बसणार? आणि फी परवडत नसेल तर सवलत आहे का? या तिन्हींची सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर त्या दिवशी घरी बसून पुस्तक वाचलेले बरे.

आता चांगले दरवाजे कोणते, ते सांगतो. दिल्लीत राहण्याचा फायदा असा की, इतर गावांतल्या मुलांना जे वर्तमानपत्रात वाचायला मिळते ते तुमच्या मुलांना तिकिटाच्या पैशांत पाहायला मिळते.

पहिला दरवाजा तुमच्या कॉलेजातच आहे. राज्यशास्त्र विभागाचे विद्यार्थी मंडळ असते, वर्षातून एकदा त्याचा कार्यक्रम होतो, विद्यार्थ्यांचे निबंध वाचन होते, कोठे वार्षिक अंक निघतो. हिंदू कॉलेजात तर विद्यार्थ्यांची स्वतःची संसद आहे. तिचा पंतप्रधान असतो आणि विरोधी पक्षनेताही असतो. दिल्ली विद्यापीठाने २०१५ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांच्या संशोधनासाठी स्वतंत्र नियतकालिकही काढले होते. २०२२ पासून या विद्यापीठात चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आला आहे आणि चौथ्या वर्षी प्रबंध लिहिण्याची सोय आहे. तो प्रबंध म्हणजे तुमचे पहिले मोठे लेखन. त्याची तयारी दुसऱ्या वर्षापासून करा. जी मुलगी ओपन लर्निंगमध्ये आहे आणि जो मुलगा इग्नूत आहे, त्यांना रोजचे कॉलेज नाही. त्यांनी संपर्क वर्गाच्या प्राध्यापकांना गाठावे आणि खालचे दरवाजे जास्त ठोठवावेत.

दुसरा दरवाजा युवा संसदेचा. आपल्या महाराष्ट्राचा तिच्याशी संबंध आहे. १९६२ मध्ये मुंबईत अखिल भारतीय प्रतोद परिषद भरली होती. विद्यार्थ्यांच्या युवा संसदेला उत्तेजन द्यावे, अशी शिफारस तिने केली. त्यानंतर १९६६-६७ पासून संसदीय कामकाज मंत्रालयाने दिल्लीच्या शाळांतून ही योजना सुरू केली आणि पुढे ती विद्यापीठे व कॉलेजांपर्यंत नेली. प्रश्नोत्तराचा तास, लक्षवेधी, विधेयकावरील चर्चा असे सगळे मुलांनी करायचे असते. आपले कॉलेज त्यात भाग घेते का, ते विचारा. घेत नसेल तर प्राचार्यांना अर्ज द्या. अर्ज कसा लिहायचा, हे तुमच्या वडिलांना येते. ते आयुष्यभर रजेचे आणि बदलीचे अर्जच लिहीत आले आहेत.

आणि नकली संसदेआधी खरी पाहा. आपल्या खासदाराच्या शिफारशीने पास मिळतो आणि प्रेक्षक सज्जात बसून कामकाज बघता येते. रेल्वेच्या किंवा टपाल खात्याच्या प्रश्नावर सभागृहात किती सदस्य बसलेले असतात, हे एकदा स्वतः मोजा. तो आकडा तुमच्या निबंधात घाला.

तिसरा दरवाजा व्याख्यानांचा. सिव्हिल लाईन्सजवळ राजपूर रोडवर विकसनशील समाजांच्या अभ्यासाचे केंद्र आहे. त्याला सगळे सी.एस.डी.एस. म्हणतात. रजनी कोठारी यांनी ते १९६३ मध्ये स्थापन केले. तेथे, तसेच लोदी रोडकडच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटर आणि इंडिया हॅबिटॅट सेंटर या ठिकाणी जाहीर व्याख्याने व चर्चा होतात. त्यांतील पुष्कळ कार्यक्रमांना तिकीट नसते. इमारती पाहून बुजू नका. दाराशी कोणी तुमचा बाप काय करतो, असे विचारत नाही. मागे बसा, वहीत लिहून घ्या, आणि तिसऱ्या-चौथ्या व्याख्यानाला हात वर करून एक प्रश्न विचारा. एकच, पण नीट तयार केलेला.

याच सी.एस.डी.एस.मध्ये 'लोकनीती' नावाचा कार्यक्रम १९९७ पासून चालतो. निवडणुकीच्या वेळी मतदारांच्या घरी जाऊन ते मुलाखती घेतात आणि त्या कामासाठी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना शिकवून पाठवतात. महाराष्ट्रात पुण्याच्या सुहास पळशीकर आणि राजेश्वरी देशपांडे या प्राध्यापकांनी हे काम बरीच वर्षे सांभाळले. ज्या मुलाने वस्तीत दारोदार फिरून परक्या माणसाला 'तुम्ही मत का दिले' असे विचारले आहे, त्याला राज्यशास्त्राचे पुस्तक वेगळेच दिसू लागते. टपाल खात्यातील बांधवांना हे सांगायला नको. दार ठोठावल्यावर माणूस कसा बोलतो, हे पोस्टमनइतके कोणाला ठाऊक?

चौथा दरवाजा नोएडा, सेक्टर २४. तेथे व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्था आहे. तिची स्थापना १९७४ ची. गिरी म्हणजे पुढे राष्ट्रपती झालेले, पण आपल्यासाठी ते बंगाल-नागपूर रेल्वेच्या कामगारांचे पुढारी. या संस्थेत १९९८ पासून कामगार चळवळीचा दप्तरखाना जपलेला आहे. संघटनांची जुनी कागदपत्रे, कार्यकर्त्यांच्या मुलाखती तेथे आहेत. कामगारांच्या इतिहासावर परिषदा होतात. फरिदाबादहून यमुनेच्या पलीकडे जायचे एवढेच अंतर. पण आम्ही स्वतः तेथे गेलो ते गेल्या वर्षी. आपल्यापैकी किती जण गेले आहेत, हे विचारून कोणाला लाजवत नाही.

आता भाषेचा प्रश्न. मुले म्हणतात, 'काका, दिल्लीत सगळे इंग्रजीत आणि हिंदीत.' खरे आहे. पण जे मराठीत नीट मांडता येत नाही, ते इंग्रजीत नेल्याने नीट होत नाही. आधी मराठीत लिहा. सी.एस.डी.एस.चे 'प्रतिमान' नावाचे हिंदी नियतकालिक २०१३ मध्ये सुरू झाले; ते वाचा म्हणजे आपल्या भाषांतही भारी विषय मांडता येतो हे कळेल. मराठीत साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेले 'साधना' साप्ताहिक आहे. त्याचा तरुणांसाठी युवा दिवाळी अंक निघतो. मुंबईहून १९६६ पासून निघणारे 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' वाचनालयात बसून वाचा. त्यात लेख छापायला फी लागत नाही, चांगला लेख लागतो. तेथे पोहोचायला वेळ लागेल, लागू दे. या सगळ्या अंकांचे गठ्ठे आपल्याच टपाल कामगारांनी वर्षानुवर्षे छाटले आणि दारोदार पोहोचवले. त्यांच्या घरातल्या मुलीचे नाव आतल्या पानावर का असू नये?

महाराष्ट्रातून आलेल्या मुलांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपल्याकडे वक्तृत्व स्पर्धेची मोठी परंपरा आहे. भाषण पाठ करायचे, हातवारे करायचे, टाळ्या घ्यायच्या आणि ढाल घेऊन घरी जायचे. त्याने धीर येतो, हे कबूल. पण परिसंवादात निबंध वाचल्यावर टाळ्यांनंतर प्रश्न येतात. त्या प्रश्नांची तयारी पाठांतराने होत नाही. आणि आता तर मोबाईलमधले यंत्र दोन मिनिटांत निबंध लिहून देते. तो वाचून दाखवाल. पण 'ही माहिती तुला कोणी दिली?' असे कोणी विचारले तर यंत्र उभे राहून उत्तर देणार नाही.

बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. ९ मे १९१६ रोजी अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे विद्यार्थी होते. मोठ्या सभेत नव्हे, वर्गातल्या मंडळींपुढे वाचला. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला. आज शंभर वर्षांनंतरही तो अभ्यासला जातो. आणि आपल्या माणसांचे म्हणणे मांडायला जागा नाही असे दिसले, तेव्हा ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी स्वतःच 'मूकनायक' काढले.

आपल्या अगदी जवळचे उदाहरण नारायण मेघाजी लोखंडे यांचे. ते आधी रेल्वेत होते, मग टपाल खात्यात, आणि नंतर मुंबईच्या मांडवीतील गिरणीत स्टोअरकीपर झाले. म्हणजे आज या सभागृहात बसलेल्या दोन्ही खात्यांचा माणूस. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात १८७७ मध्ये सुरू केलेले 'दीनबंधु' लोखंड्यांनी १८८० मध्ये मुंबईत आणून चालवले. १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. सभा भरवली, अर्ज लिहिला, पत्रात छापले, पुन्हा सभा भरवली. १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती या रीतीने. सभा आणि छापील पान ही दोन्ही कामगारांचीच हत्यारे आहेत. विद्यापीठाने त्यांना परिसंवाद आणि प्रकाशन अशी नावे दिली, एवढेच.

म्हणून मुलांनो, विषय शोधायला लांब जाऊ नका. तुमच्या घरात जेवढा मालमसाला आहे तेवढा मोठ्या बंगल्यातल्या मुलाकडे नाही. रेल्वेत १९५२ पासून कायमची वाटाघाट यंत्रणा आहे. आपण तिला पी.एन.एम. म्हणतो. केंद्र सरकारी नोकरांसाठी १९६६ पासून जे.सी.एम. आहे. विषयपत्रिका कशी ठरते, प्रशासन 'विचाराधीन' म्हणून एक विषय किती वर्षे लोंबकळत ठेवते, हे तुमचे वडील जेवताना सांगतात. ते राज्यशास्त्रच आहे. आमचे वडील १९७४ च्या संपात होते. ८ मे पासून वीस दिवस गाड्या थांबल्या. त्यांची नोकरी गेली, तीन वर्षांनी परत मिळाली. त्या तीन वर्षांत आमच्या आईने घर कसे चालवले, हे आम्ही तिला कधी विचारून लिहून ठेवले नाही. आता ती नाही. तुमच्या घरात ज्या आजी-आजोबांना आठवते त्यांना याच दिवाळीत विचारा.

लिहिताना चार गोष्टी पाळा. एक, ज्याची मुलाखत घ्याल त्याची परवानगी घ्या, आणि ठेकेदाराकडचा कामगार असेल तर नाव आणि ठिकाण बदला. तुमचा लेख छापून यावा आणि त्या बाईचे काम जावे, असे होता कामा नये. दोन, एकच लेख एका वेळी दोन ठिकाणी पाठवू नका. तीन, दुसऱ्याचे वाक्य घेतले तर त्याचे नाव लिहा. चार, सरकारी माहिती हवी असेल तर वडिलांच्या ऑफिसातली फाईल मागू नका. २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे.

आणि वडील मंडळींची एक भीती आम्हाला माहीत आहे. 'पोरगी सरकारविरुद्ध लिहील आणि माझ्या नोकरीवर येईल.' आपले वर्तणूक नियम, रेल्वेचे १९६६ चे आणि टपालासह केंद्रीय नोकरांचे १९६४ चे, नोकरदारावर बंधन घालतात. सज्ञान मुलीचे मत हे तिचे मत आहे. फक्त तुमच्या हातातली ऑफिसची कागदपत्रे तिच्या लेखात जाऊ देऊ नका. एवढी काळजी घेतली तर तिला अडवण्याचे कारण नाही.

आता पुन्हा त्या मुलीकडे येतो. ती खचली नाही. तिने तोच विषय घेऊन पुन्हा सहा रविवार काम केले, नव्या बायकांशी बोलली, नवा निबंध लिहिला आणि गेल्या हिवाळ्यात कॉलेजच्या विद्यार्थी परिसंवादात वाचला. आम्हाला बोलावले. आम्ही नाईट करून गेलो आणि शेवटच्या रांगेत बसलो. निबंध संपल्यावर एका मुलाने विचारले, 'तुझे वडील युनियनमध्ये आहेत, मग या बायका युनियनमध्ये का नाहीत?' ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, 'याचे उत्तर माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे असायला हवे, ते आज येथे आले आहेत.' सगळ्यांनी मागे वळून पाहिले. तीस वर्षांत अनेक अधिकाऱ्यांसमोर आम्ही टेबलावर हात आपटून बोललो आहोत. त्या दिवशी उभे राहून एवढेच म्हणालो की, 'मुलीचा मुद्दा बरोबर आहे.'

त्यानंतर आम्ही शाखेच्या कार्यकारिणीपुढे तीन सूचना मांडल्या. एक, शाखेच्या पत्रकातील एक पान सभासदांच्या शिकणाऱ्या मुलांसाठी राखून ठेवावे, आणि आमच्यावर टीका असली तरी ती छापावी. उत्तर द्यायचे तर त्याच पानावर द्यावे. दोन, दर तीन महिन्यांनी एका रविवारी युनियन ऑफिसात मुलांनी निबंध वाचावा आणि आपण सभासदांनी प्रश्न विचारावेत. तीन, ठेकेदाराकडच्या सफाई कामगारांच्या सभासदत्वाचा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत घ्यावा. पहिल्या दोन सूचना मंजूर झाल्या. तिसरीवर मतभेद आहेत, हे लपवत नाही. काही ज्येष्ठ सहकारी म्हणतात, आधी आपल्या कायम कामगारांचे बघू. सभा व्हायची आहे. आमचे मत काय ते आम्ही तेथे मांडू. त्या सभेला ती मुलगी पाहुणी म्हणून यावी आणि तिने तो निबंध वाचावा, असे निमंत्रण आम्ही आज येथून देत आहोत.

'राज्यशास्त्राचे पुढे काय?' असे विचारणाऱ्या वडिलांना नोकरीची हमी आम्ही देऊ शकत नाही. ती कोणत्याच विषयाची देता येत नाही. पण ज्या मुलाला चार लोकांत उभे राहून खरे बोलता येते, ते कागदावर नीट लिहिता येते आणि अवघड प्रश्नाला तोंड देता येते, तो स्पर्धा परीक्षेला बसो, वकील होवो, पत्रकार होवो की तुमच्यासारखा रुळावर उभा राहो, त्याला सहजासहजी कोणी फसवू शकत नाही.

ती जुनी आठ पाने आम्ही खणातून काढली आहेत. पत्रकाच्या येत्या अंकात, राखून ठेवलेल्या पानावर, ती तिच्या परवानगीने मूळ मराठीत छापत आहोत. 'हा मजकूर इंग्रजीत पूर्वी अन्यत्र आला आहे' अशी टीप खाली असेल. सहाव्या पानावरचे ते वाक्य जसेच्या तसे ठेवले आहे.

एवढे बोलून आम्ही आमचे भाषण संपवतो. कामगार एकजुटीचा विजय असो!